यंत्राचे उत्तर आणि जीविताचा प्रश्न

विख्यात इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर हे १९२१ साली देवास थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांचे खासगी चिटणीस होते. या वास्तव्यावर आधारलेले 'द हिल ऑफ देवी' हे त्यांचे पुस्तक १९५३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात शिप्रेच्या काठचा एक प्रसंग आहे. पलीकडच्या तीरावर काहीतरी काळे व ताठ उभे दिसले. वाळके झाड असावे, असे फॉर्स्टर यांना वाटले; परंतु बरोबरच्या गावकऱ्यांनी तो सापच असल्याचे निक्षून सांगितले. एवढेच नव्हे, तर त्याची जात, त्याचा स्वभाव आणि तो डूख धरून किती दूरवर पाठलाग करतो, हेही त्यांनी तपशीलवार ऐकविले. दगड मारून पाहिले, तेव्हा ते वाळके झाडच निघाले आणि गावकरीच पोट धरून हसले.

प्रसंग हसण्यावारी गेला, कारण दगड मारून पाहण्याची सोय होती. आज आपल्या हातातील दूरध्वनी अशाच ठामपणे, अशाच तपशिलासह उत्तरे देऊ लागला आहे. दगड मारून पाहण्यास मात्र पुष्कळदा वेळ नसतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी ही उत्तरे कशी तयार होतात, हे थोडक्यात समजून घेणे अगत्याचे आहे. पूर्वी शोधयंत्र आपल्यासमोर दहा ठिकाणे मांडीत असे व निवड वाचकाची असे. गूगलने मे २०२४ मध्ये अमेरिकेत आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भारतात, शोधाच्या माथ्यावरच तयार उत्तर देण्यास प्रारंभ केला. हे उत्तर कोणी जाणकार लिहीत नाही. अनेक ठिकाणचा मजकूर एकत्र करून, कोणत्या शब्दापुढे कोणता शब्द येणे संभाव्य आहे याच्या गणितावर यंत्र ते जुळविते. वाक्य सुबक होते. ते खरे असेलच, याची हमी त्या गणितात नाही. आरंभीच्याच दिवसांत, कोणीतरी थट्टेने लिहिलेल्या जुन्या मजकुराच्या आधारे, पिझ्झ्यावरील चीज घसरू नये म्हणून त्यात गोंद मिसळण्याचा सल्ला या यंत्राने दिला होता. तो वाचून लोक हसले. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेली हकीकत मात्र हसण्यासारखी नाही. साठ वर्षांच्या एका गृहस्थाने अशाच यंत्राशी सल्लामसलत केल्यानंतर जेवणातील मिठाऐवजी सोडियम ब्रोमाइड वापरले, आणि तीन महिन्यांनी भ्रमिष्ट अवस्थेत त्याला रुग्णालयात दाखल करावे लागले.

आता पुन्हा सापाकडे वळू. माळव्यात पावसाळ्यात सोयाबीन उभे असते, आणि सर्पदंशाचे दिवसही तेच. समजा, देवासजवळच्या एखाद्या शेतघरात जमिनीवर निजलेल्या मुलास पहाटे पोटदुखी सुरू झाली आणि पायावर बारीकसा ठिपका दिसला. सूज नाही, आग नाही. ही लक्षणे यंत्रास सांगितली, तर किडा चावला असावा, असे उत्तर येणे अगदी शक्य आहे. कारण जगभरातील बहुसंख्य मजकुरात विषारी दंश म्हणजे सूज आणि वेदना असेच समीकरण असते. मण्यारीचा दंश त्याला अपवाद आहे. ती रात्री निजलेल्या माणसास चावते, दुखत नाही, सूज येत नाही. पुढे पापण्या जड होतात आणि श्वास बंद पडतो. ऑस्ट्रेलियात दंश झालेल्या संपूर्ण अवयवावर दाबपट्टी बांधण्याची पद्धत मान्य आहे. आपल्याकडील घोणस व फुरसे यांच्या दंशात तीच घट्ट बांधणी अवयवास अपायकारक ठरू शकते. दोन्ही देशांतील मजकूर यंत्राच्या एकाच पोतडीत असतो. त्यातून मराठी मजकूर मुळातच तुटपुंजा. इंग्रजीतील माहिती मराठीत उतरून येते. माळव्यातील मराठी घरांत तर मण्यारीला 'करैत' म्हणणारेच अधिक. छायाचित्र दाखवूनही निरुपद्रवी कवड्या आणि मण्यार यांत गल्लत होऊ शकते.

वास्तविक, साप ओळखत बसण्याची गरजच नसते. भारतात वापरली जाणारी प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही जातींच्या विषावर चालते, आणि ती द्यावी की नाही, हे डॉक्टर रुग्णाच्या लक्षणांवरून ठरवितात. अवयव हलू न देता रुग्णाला लस असलेल्या रुग्णालयात लवकरात लवकर पोहोचविणे, एवढेच घरच्यांचे काम. प्रश्नोत्तरांत गेलेली पंधरा मिनिटे त्या प्रवासातून वजा होतात.

धार जिल्ह्यातील एक उदाहरण वेगळ्या प्रकारचे आहे. धरमपुरी तहसिलीत कोठीदा गावाजवळ कारम नदीवर ३०४ कोटी रुपये खर्चाचे मातीचे धरण बांधले जात होते. ऑगस्ट २०२२ मध्ये भरलेल्या जलाशयाच्या या धरणाच्या भिंतीतून पाणी झिरपू लागले. धारमधील १२ आणि खरगोनमधील ६, अशी १८ गावे रिकामी करण्यात आली. आग्रा-मुंबई महामार्गावरील वाहतूक थांबविण्यात आली. सैन्य व आपत्ती प्रतिसाद दल पाचारण करण्यात आले. बाजूने चर खोदून १४ ऑगस्टपर्यंत पाणी वाहून काढले गेले आणि प्राणहानी टळली. धरणाच्या बांधकामाविषयी पुढे जे प्रश्न उपस्थित झाले, ते रास्तच होते. तो स्वतंत्र विषय आहे.

येथे लक्षात घ्यावयाचे ते असे की, त्या चार दिवसांत 'घरी राहणे सुरक्षित आहे काय?' या प्रश्नाचे खरे उत्तर तासागणिक आणि गावागणिक बदलत होते. बाराव्या तारखेचे वृत्त चौदाव्या तारखेस निरुपयोगी होते. शिळ्या व ताज्या मजकुराची सरमिसळ करणाऱ्या यंत्रास ही घडी सांभाळता येईलच, असे नाही. त्या वेळी अशी यंत्रे लोकांच्या हाती आली नव्हती. चॅटजीपीटी त्यानंतर तीन महिन्यांनी, नोव्हेंबर २०२२ मध्ये खुले झाले. आज अशी वेळ आली, तर पुण्यात बसलेला मुलगा प्रथम यंत्रासच विचारील आणि आलेले उत्तर गावी आईवडिलांना कळवील.

सरकारी कागदाची आपण पुष्कळ थट्टा करतो. तरीही त्यावर जावक क्रमांक असतो, दिनांक असतो, आणि खाली कोणाची तरी सही असते. चूक आमच्याकडूनही होते. पूरसूचनेत गेल्या वर्षीचाच दूरध्वनी क्रमांक छापला गेल्याचे एका कार्यालयात मी स्वतः पाहिले आहे. दुसऱ्या दिवशी शुद्धिपत्रक निघाले आणि सही करणाऱ्यास लेखी खुलासा द्यावा लागला. यंत्राचे चुकीचे उत्तर पडद्यावरून नाहीसे होते. ज्याने ते वाचून कृती केली, त्याच्या दारी शुद्धिपत्रक येत नाही.

पत्राचा मसुदा करणे, सहलीचा बेत आखणे अशा कामांसाठी हे यंत्र खुशाल वापरावे. प्रस्तुत लेखकही वापरतो. परंतु औषधाची मात्रा, दंश, विषबाधा, वायुगळती, वीज आणि पूर या बाबतींत डबीवरील पत्रक, डॉक्टर आणि जिल्हा प्रशासनाची त्या दिवसाची, त्या वेळेची सूचना हीच प्रमाण मानावीत. सर्पदंशाची लस आपल्या गावापासून सर्वांत जवळ कोणत्या रुग्णालयात मिळते, याची चौकशी पावसाळ्यापूर्वीच समक्ष जाऊन करावी. त्या रुग्णालयाचा क्रमांक, रुग्णवाहिकेचा १०८ आणि आपत्कालीन ११२, हे तिन्ही घरातील वृद्धांनाही वाचता येतील अशा मोठ्या अक्षरांत दाराजवळच्या भिंतीवर लिहून ठेवावेत.