आऱ्यांमागचा काळा थर

प्रश्न : गाडीला हौसेने बारीक आऱ्यांची अलॉय चाके बसवून घेतली. समोरून ती चकचकीत राहतात, पण आऱ्यांच्या मागे, नटांच्या खोबणीत आणि रिमच्या आत काळा थर बसतो. साबणाने तो निघत नाही. तारेच्या घासणीने घासून मग धातूचे पॉलिश लावले तर चालेल का?

उत्तर : घासणी नकोच, आणि पॉलिशचीही घाई नको. आधी हा थर कशाचा आहे ते पाहू.

दिसायला चिखल वाटला, तरी ती बहुतेक ब्रेकची पूड असते. ब्रेक दाबला की पॅड लोखंडी डिस्कवर घासतात. दोन्हींचे तापलेले कण उडून चाकाला चिकटतात. पुढे ओल लागली की त्यातले लोखंड गंजते आणि थर पक्का धरतो. गाडी थांबताना भार पुढे येतो, पुढच्या ब्रेकवर ताण जास्त पडतो, म्हणून पुढची चाके अधिक काळी होतात. साबण तेलकटपणा सोडवतो, पण गंज त्याला जुमानत नाही.

त्यासाठी ‘आयर्न रिमूव्हर’ नावाचा द्रव मिळतो. तो लोखंडाशी संयोग पावून जांभळा होतो, म्हणजे कुठे पूड आहे हेही कळते. पीएच ७ च्या आसपास असलेला घ्या. तीव्र आम्ल किंवा कॉस्टिक सोडा अॅल्युमिनियमलाच खातो. चाक थंड असावे, गाडी सावलीत असावी. तापल्या चाकावर द्रव वाळून डाग पडतात. हातमोजे घाला, काही मिनिटांनी वाळण्याआधीच भरपूर पाण्याने धुवा.

आता अडचणीच्या जागा. नटांच्या खोबणीसाठी रंगाऱ्याचा मऊ गोल ब्रश घ्या आणि त्याच्या पत्र्याच्या पट्टीवर चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे ओरखडे उठणार नाहीत. आऱ्यांच्या मागून मायक्रोफायबरची लांब पट्टी ओवून, ताक घुसळताना रवीची दोरी ओढतात तशी दोन्ही टोके आळीपाळीने ओढा. रिमच्या आत लांब दांड्याचा मऊ ब्रश जातो. तिथला जुना थर काढायचा तर चाक उतरवणेच बरे, पण गाडी सपाट, पक्क्या जमिनीवर स्टँडवर टेकवल्याशिवाय नव्हे. नुसत्या जॅकवर विसंबू नका.

पॉलिशबद्दल मोठा गैरसमज आहे. बहुतेक अलॉय चाकांची चमक धातूची नसून वरच्या पारदर्शक लॅकरची असते. धातूचे पॉलिश तो लॅकर घासून मंद करते. म्हणून आतल्या, न दिसणाऱ्या जागी थोडे पॉलिश चोळून पाहा. फडके काळे झाले तर धातू उघडा आहे, तिथे पॉलिश चालेल. काळे झाले नाही तर वर लॅकर किंवा रंग आहे. त्याला धुणे आणि चाकांचे मेण पुरे. चाक हबला टेकते तो भाग, नटांच्या बैठका आणि ब्रेकची डिस्क यांना मात्र पॉलिश किंवा मेण लागू देऊ नका.

कोकण, गोवा, मुंबईकडच्या खाऱ्या हवेत लॅकरला चीर पडली की आतला अॅल्युमिनियम पांढुरका होऊन फुगतो, आणि मग कितीही पॉलिश केले तरी उपयोग होत नाही. घासणी नको म्हटले ते यासाठीच. स्वच्छ, कोरड्या चाकाला मेण लावून ठेवा आणि नेमाने धूत राहा. पूड ताजी असली की साध्या साबणाच्या पाण्यानेही निघते.