प्रेषितांची प्रेषिता


22 जुलै हा संत मरिया माग्दालेनाचा सण. ‘पापी स्त्री’ अशीच तिची ओळख आपल्यापैकी अनेकांच्या मनात आहे. शुभवर्तमान मात्र तसे कुठेही सांगत नाही. प्रभूने तिच्यातून सात भुते काढली आणि ती इतर स्त्रियांसह स्वतःच्या पैशाने त्याची सेवा करू लागली, असे संत लूक सांगतो (8:1-3). लूक 7 मधली निनावी पापी स्त्री म्हणजेच मरिया, हा समज सन 591 च्या सुमारास पोप ग्रेगरी यांच्या प्रवचनामुळे रूढ झाला. 1969 च्या सुधारित उपासना दिनदर्शिकेने ही सरमिसळ दूर केली. 2016 साली पोप फ्रान्सिस यांनी तिच्या स्मृतिदिनाला प्रेषितांप्रमाणे सणाचा दर्जा दिला.

अंधार असतानाच ती कबरेकडे गेली. नावाने हाक येताच तिने प्रभूला ओळखले व शिष्यांना वार्ता दिली. पण स्त्रियांचे बोलणे त्यांना बाष्कळ वाटले (लूक 24:11).

आपल्या कात्रजमध्ये रोज नवी कुटुंबे राहायला येतात. एखाद्या भगिनीबद्दल ऐकलेले आपण पुढे सांगतो, तेव्हा तिचे स्वतःचे म्हणणे ऐकलेले असते का? एकदा बसलेला शिक्का पुसायला शतके लागली, हे आपण पाहिले. या आठवड्यात योहान 20:11-18 घरी मिळून वाचू या.