दरडोई कर्ज आणि तुझं पासबुक

दरडोई कर्जाचा तो मेसेज तुलाही आलाय ना? महाराष्ट्रावर ९ लाख ३२ हजार कोटींचं कर्ज, भागिले १३ कोटी माणसं, म्हणजे तान्ह्या बाळासकट प्रत्येकाच्या डोक्यावर ७० हजारांच्या वर! तो वाचून पोस्टातले पैसे काढून सोनं घ्यावं का, असं तुझ्या मनात आलं असेल, तर जरा थांब गं.

आकडा खोटा नाही. २०२५-२६ च्या राज्याच्या अर्थसंकल्पात वर्षअखेरीचा अंदाज तेवढाच होता. पण तुझ्या वाटणीचे ७० हजार मागायला दारात कुणी येणार नाहीये. खरं सांगू का, सरकारला कर्ज देतं कोण ते आधी बघ. सरकार रोखे काढतं आणि ते मुख्यतः बँका, विमा कंपन्या, प्रॉव्हिडंट फंड घेतात. बँकांना ठेवींपैकी किमान १८ टक्के रक्कम मुख्यतः अशा सरकारी रोख्यांत ठेवावीच लागते. तुझ्या पीपीएफचे आणि लेकीच्या सुकन्या खात्याचे पैसे राष्ट्रीय अल्पबचत निधीत जातात, तिथून सरकार ते वापरतं आणि तुला व्याज देतं. म्हणजे घेणेकऱ्यांच्या रांगेत तूही उभी आहेस!

म्हणून काळजीच नको, असं मात्र नाही. केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात खर्चाच्या प्रत्येक रुपयातले २० पैसे नुसत्या व्याजाचे आहेत. ते शाळेला, दवाखान्याला मिळत नाहीत. नव्या योजनेची घोषणा झाली की पैसा कुठून आणणार, हे तू जरूर विचार. कर वाढला, महागाई वाढली, तर झळ तुझ्याच डब्यांना लागते.

पण मला जास्त काळजी वेगळीच आहे. करोनाच्या वर्षात, २०२०-२१ मध्ये, देशातल्या कुटुंबांची निव्वळ आर्थिक बचत जीडीपीच्या ११ टक्क्यांच्या वर होती. २०२२-२३ मध्ये ती ५ टक्क्यांच्या आसपास आली. लोकांनी पैसे साठवणं सोडलं नव्हतं गं, कर्जं भराभर वाढली होती. फोनचा हप्ता, फ्रिजचा हप्ता, क्रेडिट कार्डावर 'किमान रक्कम' भरून पुढे ढकललेली बाकी. या कर्जाला भागाकार नाही, ते सगळं आपल्याच नावावर.

तेव्हा पीपीएफ मोडू नकोस, भिशी चालू ठेव. एकाच बँकेत ५ लाखांच्या वर ठेवलं असशील तर थोडं दुसरीकडे हलव, कारण ठेवीचा विमा व्याजासकट तेवढ्यापुरताच असतो. आणि या रविवारी वहीच्या एका पानावर सगळे हप्ते लिही, प्रत्येकापुढे व्याजाचा दर. कार्डाची बाकी सगळ्यात महाग निघेल बघ. दिवाळीचा बोनस आधी तिथे भर, पैठणी पाडव्यानंतर घेऊ. मी येते तुझ्याबरोबर.