पटकथा : कल्पनेपासून करारापर्यंत

उत्तर कोलकात्यातील बागबाजार ही वस्ती बंगाली रंगभूमीच्या इतिहासात हौस आणि व्यवसाय यांतील एका जुन्या वादासाठी महत्त्वाची ठरते. येथील हौशी तरुणांच्या नाट्यमंडळीतून नॅशनल थिएटरचा उदय झाला आणि ७ डिसेंबर १८७२ रोजी जोडासांको येथे ‘नीलदर्पण’चा प्रयोग तिकीट लावून करण्यात आला. मंडळीतील प्रमुख नट गिरीशचंद्र घोष मात्र त्यापूर्वीच बाजूला झाले होते. पुरेशी साधनसामग्री नसताना ‘नॅशनल’ या नावाने प्रेक्षकांकडून पैसे घेणे त्यांना मान्य नव्हते. पुढे तेच गिरीशचंद्र कचेरीतील नोकरी सोडून नॅशनल थिएटरचे पगारी व्यवस्थापक झाले. त्यांचा विरोध पैशाला नव्हता, अपुऱ्या तयारीला होता, असेच यावरून म्हणावे लागेल.

चित्रपटात भांडवल मोठे असल्याने हा प्रश्न अधिक बिकट होतो. सत्यजित राय यांनी ‘पथेर पांचाली’साठी रीतसर पटकथेऐवजी चित्रांची वही निर्मात्यांपुढे ठेवली, ती कोणालाच पटली नाही. १९४९ मध्ये कोलकात्यास आलेले फ्रेंच दिग्दर्शक झाँ रन्वार यांचे प्रोत्साहन त्यांना लाभले होते; परंतु प्रोत्साहनाने चित्रफीत विकत घेता येत नाही! अखेर मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र राय यांच्या काळात पश्चिम बंगाल सरकारने पैसा दिला. सरकारी दप्तरात त्या रकमेची नोंद रस्तेसुधारणेखाली झाली आणि १९५५ मध्ये चित्रपट प्रदर्शित झाला. अशा सुदैवावर धोरण उभारता येत नाही. म्हणूनच १९६० मध्ये चित्रपट वित्त महामंडळ व पुण्याची चित्रपट संस्था यांची स्थापना झाली. १९७५ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ आले, तर १९९५ मध्ये कोलकात्यात सत्यजित राय यांच्याच नावाची संस्था उभी राहिली. तेथे दिग्दर्शन व पटकथालेखन असा एकत्रित विभाग आहे.

प्रशिक्षण मिळाले तरी पटकथा विकताना नवा लेखक फसतो तो बहुधा कायद्याच्या अज्ञानामुळे. ‘माझी कल्पना चोरली’ ही तक्रार नेहमीची आहे. परंतु कल्पनेवर स्वामित्वहक्क नसतो. आर. जी. आनंद यांनी ‘हम हिंदुस्तानी’ या आपल्या नाटकावरून ‘न्यू दिल्ली’ (१९५६) हा चित्रपट बेतल्याचा दावा केला होता. प्रांतवाद हा विषय दोन्हींत समान असला तरी मांडणी भिन्न असल्याने हक्कभंग झालेला नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दिला. परीक्षार्थींनी हा निवाडा अवश्य ध्यानात ठेवावा. संरक्षण मिळते ते लिहिलेल्या शब्दांना. त्यामुळे निर्मात्याला कथा ऐकवण्यापूर्वी ती पूर्ण लिहून मुंबईतील पटकथालेखक संघटनेकडे नोंदवणे शहाणपणाचे ठरते. नोंदणीने हक्क निर्माण होत नाही, तो लेखनाबरोबरच जन्मतो. मात्र वाद उद्भवल्यास तारखेचा पुरावा हाती राहतो.

व्यावसायिक मार्गदर्शनाची सोयही आता आहे. महामंडळाने २००७ मध्ये पटकथालेखकांसाठी कार्यशाळा सुरू केली. तीत निवडक पटकथांवर अनुभवी मार्गदर्शकांच्या मदतीने पुनर्लेखन होते व गोव्यातील फिल्म बाजारात त्या निर्मात्यांपुढे मांडता येतात. ‘लिपस्टिक अंडर माय बुरखा’ची पटकथा याच वाटेने गेली. जागा अर्थातच मोजक्या असतात.

उरतो तो करार. स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ च्या कलम १९ नुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी व स्वाक्षरीचे असावे लागते. मुदत लिहिली नसल्यास ती ५ वर्षे आणि प्रदेश लिहिला नसल्यास तो भारतापुरता मानला जातो. २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटगृहाबाहेरील वापराच्या मानधनातील लेखकाचा समान वाटा राखून ठेवला. तो निर्मात्याच्या नावे लिहून देता येत नाही. आणखी एक तरतूद फारशी कोणी वाचत नाही. हक्क घेणाऱ्याने ते एका वर्षात वापरले नाहीत, तर करारात वेगळे नमूद नसल्यास ते हस्तांतरण संपुष्टात येते आणि कपाटात पडून राहिलेली पटकथा लेखकाकडे परत येते.