दुकान, वेळ आणि किंमत : दारूवरील नियंत्रणाचा एक पाठ



व्यसनमुक्तीवर निबंध लिहायला सांगितला की आमची मुले बहुधा एकच उत्तर लिहितात : दारू वाईट आहे, पिणाऱ्याने मनाचा निश्चय करावा आणि ती सोडावी. हे उत्तर खरे आहे, पण अर्धे आहे. माणूस किती पितो हे त्याच्या मनावर जसे अवलंबून असते, तसेच दुकान किती जवळ आहे, ते किती वाजेपर्यंत उघडे असते आणि बाटली किती पैशांत मिळते यावरही असते. या तिन्ही गोष्टी कायद्याने ठरतात. म्हणून नागरिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला राहिलेले अर्धे उत्तरही आले पाहिजे.

आपल्या राज्यघटनेच्या कलम ४७ मध्ये, आरोग्याला अपायकारक अशा मादक पेयांच्या सेवनावर बंदी आणण्याचा राज्याने प्रयत्न करावा, असे मार्गदर्शक तत्त्व आहे. मात्र दारूचा विषय राज्यसूचीत असल्यामुळे प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. गुजरातेत दारूबंदी आहे, तर त्याला लागून असलेल्या आपल्या मध्यप्रदेशात परवान्याची दुकाने चालतात. शिवाय आबकारी खात्याकडे दुहेरी काम असते. दारूवर नियंत्रणही ठेवायचे आणि तिच्यातून महसूलही मिळवायचा. ही ओढाताण लक्षात ठेवूनच पुढचे वाचावे.

प्रथम दुकानाचे पाहू. फिनलंडमध्ये १९६९ पूर्वी दारू फक्त सरकारी दुकानांत मिळे आणि खेड्यापाड्यांत ही दुकानेही नसत. १९६९ मध्ये मध्यम तीव्रतेची बिअर किराणा दुकानांत विकायला परवानगी मिळाली आणि एका वर्षात देशातील मद्याचा एकूण खप सुमारे ४६ टक्क्यांनी वाढला. एका वर्षात एवढ्या लोकांचे संस्कार बिघडले असे कोण म्हणेल? माणसे तीच होती, बाटली तेवढी हाताशी आली होती. शेजारच्या स्वीडनने १९६५ मध्ये अशीच सूट दिली होती. तरुण मुले जास्त पिऊ लागली, तेव्हा १९७७ मध्ये ती मागे घेतली आणि खप खाली आला.

आता वेळेचे. ब्राझीलमध्ये साओ पाउलोजवळ दियादेमा नावाचे औद्योगिक शहर आहे. खुनांसाठी ते कुप्रसिद्ध होते आणि बहुतेक खून रात्री अकरा ते पहाटे सहा या वेळात होत. जुलै २००२ पासून तेथे रात्री अकरा ते सकाळी सहा दारूविक्री बंद झाली. नियम लागू होण्याआधी बारमालकांना भेटून तो समजावून सांगितला गेला आणि नंतर रात्री तपासणीही होत राहिली. पुढे झालेल्या अभ्यासात महिन्याला सुमारे नऊ खून कमी झाल्याचे आढळले. दारूबंदी झाली नव्हती, फक्त घड्याळाचा एक काटा ठरवला होता.

तिसरी गोष्ट किंमत. स्कॉटलंडने १ मे २०१८ पासून मद्याच्या प्रत्येक युनिटला, म्हणजे दहा मिलीलिटर शुद्ध अल्कोहोलला, किमान ५० पेन्स किंमत ठरवली. त्यामुळे अगदी स्वस्त दारू बाजारातून गेली. २०२३ मधील मूल्यमापनात, केवळ दारूमुळे होणारे मृत्यू अपेक्षेपेक्षा सुमारे १३ टक्क्यांनी कमी झाल्याचा अंदाज निघाला, आणि सर्वांत जास्त फायदा गरीब वस्त्यांना झाला. सप्टेंबर २०२४ पासून ही किंमत ६५ पेन्स करण्यात आली. पण ज्यांना दारूचे पूर्ण व्यसन लागले होते, त्यांच्यापैकी काहींनी दारूऐवजी जेवणावरचा खर्च कमी केला, हेही दिसून आले. तेव्हा किमतीच्या जोडीला उपचाराची सोय हवीच.

नियम केला म्हणजे काम झाले, असे मात्र नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारू विकू नये असा आदेश दिला. हेतू स्पष्ट होता : वाहनचालकाला रस्त्यातच दारू मिळू नये. पुढे लहान गावांसाठी हे अंतर २२० मीटर झाले. २०१७ मध्ये आदेश लागू होताच काही राज्यांनी शहरातून जाणाऱ्या महामार्गांचा दर्जाच बदलून टाकला. केरळात एका बारने दारापुढे चक्रव्यूहासारखी वळणावळणाची वाट बांधली, म्हणजे चालत मोजले तर अंतर पुरे भरावे! मोजपट्टी जिंकली आणि हेतू हरला.

मग सरसकट बंदीच का करू नये, असे पालक विचारतात. बंदीने काही घरांना दिलासा मिळतो यात शंका नाही. बिहारमध्ये एप्रिल २०१६ पासून दारूबंदी आहे आणि त्यानंतर पुरुषांचे पिणे व बायकांना होणारी मारहाण कमी झाल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. पण त्याच बिहारमध्ये डिसेंबर २०२२ मध्ये सारण जिल्ह्यात आणि त्याच वर्षी जुलैमध्ये गुजरातेत बोटाद भागात विषारी दारूने कित्येक माणसे दगावली. चोरटी दारू कोणी तपासत नाही. तिच्यात मिथेनॉल असले तर डोळे जातात, प्राण जातो. म्हणजे बंदी असो वा परवाना, अंमलबजावणी प्रामाणिक नसेल तर दोन्ही पोकळ.

आता आपल्या घराजवळ येऊ. मध्यप्रदेशात १ एप्रिल २०२३ पासून दुकानाला लागून बसून पिण्याचे अहाते बंद झाले, आणि शाळा व देवस्थानांपासून दुकानाचे किमान अंतर ५० मीटरवरून १०० मीटर झाले. १ एप्रिल २०२५ पासून उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर यांसह १९ ठिकाणी दारूची दुकाने बंद झाली. हे निर्णय चांगले आहेत, पण परीक्षा त्यांचीही व्हावी. अहाता बंद झाल्यावर लोक कमी पिऊ लागले, की फुटपाथवर आणि मैदानात बसून पिऊ लागले? याचे उत्तर आपल्या वस्तीत डोळे उघडे ठेवून शोधता येते, आणि चुकीचे काही दिसले तर प्रशासनाला लेखी कळवता येते.

एक दुकान मात्र असे आहे की तेथे सरकारचा हात पोहोचत नाही. ते म्हणजे घरातले कपाट. ते कधी बंद होत नाही आणि मुलाला तेथे किंमतही पडत नाही. पालकांना आमची हात जोडून विनंती आहे की मुलांना बाटली किंवा सोडा आणायला पाठवू नका, मुलांसमोर बैठक जमवू नका आणि लग्नाच्या वरातीत 'आज चालते' असे म्हणू नका. घराने दिलेली सूट किराणा दुकानातल्या सुटीसारखीच असते. विश्वस्त मंडळींनाही विनंती आहे की शाळेचे सभागृह समारंभासाठी देताना मद्याला मनाई असल्याची अट पावतीवर ठळक छापावी आणि ती सर्वांना सारखीच लावावी, देणगीदारांनाही.

आणि मुलांनो, तुमच्यापैकी काहींच्या घरी हा त्रास रोजचा असेल. तो तुमच्यामुळे नाही आणि त्यात लाज वाटण्यासारखे तुमच्याकडे काही नाही. वर्गशिक्षकांशी किंवा आमच्याशी बोला, गोष्ट बाहेर जाणार नाही. १०९८ हा मुलांसाठीचा आणि १४४४६ हा नशामुक्तीचा मदत क्रमांक आहे. दोन्ही वहीच्या मागे लिहून ठेवा.

इयत्ता नववी व दहावीसाठी स्वाध्याय :
१. दुकान, वेळ आणि किंमत यांपैकी आपल्या शहरात कोणत्या नियमाचा सर्वांत जास्त उपयोग होईल? कारणे द्या.
२. महामार्गाच्या नियमाचा हेतू साधावा अशा शब्दांत तो नियम पुन्हा लिहा.
३. शहराच्या नकाशावर शाळेभोवती १०० मीटर त्रिज्येचे वर्तुळ काढा. एवढे अंतर पुरेसे वाटते का, यावर घरी चर्चा करून दहा ओळी लिहा.

उत्तरे महिनाअखेर वर्गशिक्षकांकडे द्यावीत. पालकांनी लिहिलेली उत्तरेही आम्ही आनंदाने वाचू.