अर्जुनाचा विस्मय

गीतेच्या ११ व्या अध्यायात श्लोक ५५. त्यांपैकी सहस्र सूर्यांच्या तेजाची उपमा (श्लोक १२) बहुतेकांच्या स्मरणात असते; परंतु प्रपंची साधकाने जेथे थबकावे ते स्थळ पुढेच आहे, असे आम्हांस वाटते.

दिव्य चक्षू लाभताच अर्जुनाच्या अंगावर रोमांच उभे राहतात, मस्तक नमते. हा विस्मय. पण विक्राळ मुखे दिसू लागताच त्याचे धैर्य सुटते, दिशा कळेनाशा होतात. आणि अशा वेळी त्यास आठवावे काय? ज्यास आपण खेळताना, निजताना, पंक्तीस बसताना मित्र समजून सलगीने हाका मारल्या, थट्टा केली, तोच हा! (श्लोक ४१-४२). अद्भुत वस्तू नित्य जवळ होती; सहवासाने डोळ्यांवर झापड आली होती, इतकेच. तो क्षमा मागतो, आणि पुन्हा ते ओळखीचे सौम्य रूपच मागतो. ते दिसल्यावरच त्याचे चित्त ठिकाणावर येते. श्रीज्ञानेश्वरमहाराजांनी या अध्यायात अद्भुतरसास शांतरसाच्या घरचा पाहुणा म्हटले आहे. पाहुणाच तो, मुक्काम किती करणार?

संजयाचे मात्र निराळे. त्याला ते रूप आठवून आठवून विस्मय वाटतो, हर्ष होतो (१८-७७). हे सर्व तो ज्यास सांगत होता त्या धृतराष्ट्राने पहिल्याच श्लोकात 'माझे' आणि 'पांडूचे' असा भेद करून प्रश्न विचारला होता. त्यानंतर ६९९ श्लोक झाले. त्याच्या मुखातून एक अक्षरही निघाले नाही.