हजेरीपटातील रिकाम्या चौकटी : शाळा सुधारण्यासाठी कृतिसंशोधन



आदिवासी भागातील एखादी शाळा सुधारायची असे ठरले की पहिली चर्चा बहुधा खर्चाची होते. छप्पर गळते, बाके मोडली आहेत, मुलांना दप्तरे हवीत, गणवेश हवेत. या गोष्टींची गरज आहेच आणि आपण ती आनंदाने भागवता. परंतु मूल शाळेत का येत नाही आणि आले तरी वाचायला का शिकत नाही, या प्रश्नांची उत्तरे खरेदीच्या यादीत सापडत नाहीत. ती शाळेतच शोधावी लागतात आणि शाळेतील माणसांनीच शोधावी लागतात. अशा शोधाला शिक्षणशास्त्रात कृतिसंशोधन म्हणतात. आसगाव परिसरातील एका लहान शाळेत मुख्याध्यापिका म्हणून मी ही पद्धत वापरली. या पाठात ती पायरीपायरीने मांडत आहे. शिक्षकांना तिचा उपयोग होईलच, पण शाळेला हातभार लावणाऱ्या प्रत्येकाने ती समजून घ्यावी असे मला वाटते.

कृतिसंशोधन म्हणजे काय?

नेहमीच्या संशोधनात संशोधक बाहेरून येतो, माहिती गोळा करतो, अहवाल लिहितो आणि निघून जातो. कृतिसंशोधनात काम करणारा स्वतःच संशोधक असतो. आपल्या कामातील एक अडचण तो निवडतो, तिची कारणे तपासतो, एक उपाय करून पाहतो, काय घडले याच्या नोंदी ठेवतो आणि नोंदी सांगतील त्याप्रमाणे पुढचे पाऊल उचलतो. समाजमानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांनी 1946 मध्ये अमेरिकेत या पद्धतीची मांडणी केली. स्टीफन कोरी यांच्या 1953 च्या पुस्तकामुळे ती शाळांच्या कामात रुजली. आपल्याकडे डी.एड. व बी.एड.च्या अभ्यासक्रमात ती शिकवली जाते. दुर्दैवाने अनेकदा ती एका फाईलपुरतीच उरते.

कोसबाडचा धडा

महाराष्ट्राला ही पद्धत पुस्तकाआधी प्रत्यक्ष कामातून कळली होती, असे म्हणता येईल. 1945 मध्ये ताराबाई मोडक यांनी डहाणूजवळच्या बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी उघडली, पण गरीब वस्तीतील मुले तेथवर येईनात. तेव्हा त्यांनी बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसोबत काम करताना दिसले की मुले दिवसभर गुरांमागे असतात. मग शाळा कुरणात भरू लागली, ती कुरणशाळा. घरच्या लहान भावंडांना सांभाळायचे असल्यामुळे मोठ्या मुली येत नाहीत, हेही दिसले. त्यावर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणून विकासवाडी उभी राहिली.

या तिन्ही वेळी क्रम एकच आहे. आधी मूल का येत नाही हे पाहिले, मग व्यवस्था बदलली, पुन्हा पाहिले, पुन्हा बदलली. "या लोकांना शिक्षणाची गोडी नाही" असे म्हणून त्या थांबल्या नाहीत. त्यांनी रूढ केलेला 'अंगणवाडी' हा शब्द 1975 मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेमुळे पुढे देशभर पोहोचला.

पहिली पायरी : प्रश्न लहान करा

"शाळेची गुणवत्ता वाढवणे" हा कृतिसंशोधनाचा विषय होऊ शकत नाही. तो फार मोठा आहे. प्रश्न असा असावा की ज्याचे उत्तर एका सत्रात आपल्या आवाक्यात येईल.

आपला भाग चौरासचा, म्हणजे धानाचा. विदर्भातील उन्हामुळे आपल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रानंतर, जूनच्या अखेरीस उघडतात. पावसाने साथ दिली की जुलैमध्ये पऱ्हे काढून बांध्यांमध्ये रोवणी सुरू होते आणि ती ऑगस्टपर्यंत चालते. म्हणजे पहिलीचे मूल अक्षरे ओळखू लागते, तिसरीचे मूल सुट्टीत विसरलेले आठवू लागते, नेमके तेव्हाच वर्ग रिकामे होतात. आम्ही घेतलेला प्रश्न एवढाच होता : रोवणीच्या आठवड्यांत आमच्या शाळेत नेमकी कोणती मुले गैरहजर राहतात आणि का?

दुसरी पायरी : मोजा, आणि सरासरीवर थांबू नका

नोंदी कशा वाचाव्यात हे समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका वर्गात 25 मुले आहेत. आठवड्याचे 6 दिवस धरले तर एकूण 150 हजेऱ्या होतात. रोवणीपूर्वी 120 हजेऱ्या लागल्या, म्हणजे 80 टक्के. रोवणीत 90 लागल्या, म्हणजे 60 टक्के. अहवालात आपण लिहू : "हजेरी 80 टक्क्यांवरून 60 टक्क्यांवर आली." पण यातून उपाय सुचत नाही.

आता त्याच हजेरीपटातील रिकाम्या चौकटी नावानिशी पाहा. रोवणीच्या आठवड्यातील 60 गैरहजेऱ्यांपैकी 36 केवळ 6 मुलींच्या आहेत आणि त्या मुली आठवडाभर एकदाही आलेल्या नाहीत, असे दिसले तर? आता प्रश्न वर्गाचा राहिला नाही, तो सहा घरांचा झाला. सहा घरी चालत जाता येते.

वाचनाबाबतही तसेच. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' पाहणीत 2005 पासून प्रत्येक मुलाला जवळ बसवून अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट यांपैकी काय वाचता येते ते पाहिले जाते. अशी तपासणी कोणताही शिक्षक दोन-तीन दिवसांत आपल्या वर्गापुरती करू शकतो. रोवणीआधी एकदा आणि रोवणीनंतर एकदा केली की गैरहजेरीची किंमत किती, हे प्रत्येक मुलापुरते स्पष्ट होते.

तिसरी पायरी : कारण विचारा, गृहीत धरू नका

शिक्षकांच्या बैठकीत सर्वांचे मत एकच होते : मुले बांधीत कामाला जातात. घरोघरी गेल्यावर वेगळेच कळले. बांधीत आई गेली होती. मुलगी घरीच होती, कडेवर धाकटे भावंड घेऊन. एका आईने मला सरळ विचारले, "मॅडम, पोरगी शाळेत गेली तं लेकराले कोन पाहील?"

हा प्रश्न टाळण्यासारखा नव्हता. रोवणी अनेकदा गुत्त्याने चालते. बायांचा गट सकाळी निघतो तो संध्याकाळीच परततो. अंगणवाडीच्या वर्गात 3 ते 6 वर्षांची बालके बसतात आणि ती दुपारी सुटते. तीन वर्षांखालच्या बाळासाठी दिवसभराची सोय गावात नसते. त्या बाळाची सोय म्हणजे त्याची आठ-दहा वर्षांची ताई. कोसबाडला दिसलेले कारण इतक्या वर्षांनी वैनगंगेच्या खोऱ्यातही तसेच उभे होते.

येथे मुख्याध्यापकाची जबाबदारी सुरू होते. वर्गशिक्षक पाठ बदलू शकतो, पण वेळापत्रक, खोल्यांचा वापर आणि गावाशी बोलणी मुख्याध्यापकाच्या हाती असतात. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असतात. कारणे आणि उपाय मांडण्याची खरी जागा ती आहे. मात्र बैठक रोवणीच्या दिवसांत दुपारी बोलावली तर एकही आई येणार नाही. आम्ही ती रात्रीच्या जेवणानंतर घेतली.

चौथी पायरी : एक उपाय, ठरलेल्या मुदतीपुरता

शिक्षणशास्त्रात याला कृतिगृहीतक म्हणतात. ते साध्या वाक्यात लिहावे : "रोवणीचे चार आठवडे मुलींना धाकट्या भावंडासह शाळेत येऊ दिले, तर त्यांची गैरहजेरी कमी होईल."

पहिल्या आठवड्यात मुली आल्या. बाळेही आली, रडली, आणि तिसरीचा वर्ग चालेना. वर्गशिक्षकांची तक्रार योग्य होती. नोंदवहीत ती तशीच लिहिली. दुसऱ्या आठवड्यात व्हरांड्यात चटया अंथरल्या, जुन्या लुगड्यांच्या झोळ्या बांधल्या आणि वयामुळे रोवणीला जाऊ न शकणाऱ्या दोन आज्या आळीपाळीने बसू लागल्या. मोठ्या मुलींना आता वर्गात बसता आले. मधूनमधून त्या बाळाकडे नजर टाकून येत, आणि त्याला आम्ही हरकत घेतली नाही.

सगळी मुले परतली नाहीत. काही कुटुंबे कामासाठी बाहेरगावी गेली होती. त्यांच्यासाठी हा उपाय नव्हताच. हेही नोंदवहीत लिहावे लागते. जे साधले नाही ते लपवले, तर पुढच्या वर्षी तोच खर्च पुन्हा होतो आणि तीच मुले पुन्हा बाहेर राहतात.

पाचवी पायरी : नोंदीतून पुढचा प्रश्न

निरीक्षण करताना अनपेक्षित गोष्टी दिसतात आणि त्या बहुधा सर्वांत मोलाच्या असतात. मधल्या सुट्टीत पहिलीची मुले व्हरांड्यातल्या आजीभोवती जमू लागली. वर्गात तोंड न उघडणारी मुले तेथे भडाभडा बोलत होती. आजी झाडीबोलीत बोले आणि मुले तिला त्याच बोलीत पोळ्याच्या बैलाच्या, मंडईच्या, बोडीतल्या माशांच्या गोष्टी सांगत. वर्गातली भाषा मात्र पुस्तकाची होती. आमच्या पुढच्या कृतिसंशोधनाचा प्रश्न असा मिळाला : मुलांना पहिले तीन महिने त्यांच्या बोलीत उत्तरे देऊ दिली तर त्यांच्या वाचनात काय फरक पडतो? मुलाची मातृभाषा शक्य तेथवर शिक्षणाचे माध्यम असावी, असे शिक्षण हक्क कायदाही सांगतो.

ऐकून घेण्याची ही परंपरा आपल्या परिसरातील मिशनकार्याला नवी नाही. 1845 मध्ये नागपूरला आलेले स्टीफन हिस्लॉप शाळा चालवत असतानाच गोंड लोकांची भाषा आणि गाणी लिहून घेत होते. 1863 मध्ये त्यांचा मृत्यू झाला. 1866 मध्ये रिचर्ड टेंपल यांनी ती टिपणे प्रसिद्ध केली. शिकवायला आलेल्या माणसाने आधी वही उघडून लिहून घ्यावे, हा धडा आजही उपयोगी आहे.

दोन पथ्ये

पहिले पथ्य : गोळा केलेली माहिती कोणालाही शिक्षा करण्यासाठी वापरू नये. गैरहजेरीच्या नोंदीवरून शिक्षकाला दटावले की पुढच्या आठवड्यात हजेरीपट भरलेला दिसतो आणि वर्ग मात्र रिकामाच असतो. खरी नोंद हवी असेल तर ती लिहिणाऱ्याला भीती वाटता कामा नये.

दुसरे पथ्य : मुलांची नावे, छायाचित्रे आणि घरची परिस्थिती अहवालात किंवा पत्रिकेत छापू नये. मुलगी आपल्या शाळेत शिकायला येते. तिचे दारिद्र्य मदत मागण्यासाठी दाखवण्याची वस्तू नव्हे.

आपण काय करू शकता?

हितचिंतक बंधुभगिनींनो, शाळेला देणगी देताना आपण विचारता, "किती मुलांना दप्तरे मिळाली?" तो हिशेब आपल्याला मिळालाच पाहिजे. त्याबरोबर आणखी तीन प्रश्न विचारा : यंदा तुम्ही कोणता प्रश्न हाती घेतला? काय करून पाहिले? काय साधले नाही? जी शाळा तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मोकळेपणाने देते, तिच्यावर विश्वास ठेवा. बाळ कडेवर घेऊन घरी थांबलेल्या मुलीला नवे दप्तर दिले तर ते खुंटीला टांगलेले राहते. तिला हवी होती एक चटई, एक झोळी आणि दिवसभर बसणारी एक आजी. त्या आजीच्या मानधनाला व बाळांच्या खाऊला लागलेली रक्कम दप्तरांच्या खर्चापेक्षा कमी होती. पण ती कशासाठी हवी, हे घरोघरी गेल्याखेरीज कोणालाच कळले नसते.

गटचर्चेसाठी प्रश्न

1. आपल्या मंडळीकडून मदत मिळणाऱ्या शाळेत वर्षातील कोणत्या आठवड्यांत हजेरी सर्वांत कमी असते? त्या काळात गावात कोणते काम चालू असते?

2. "पालकांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही" हे वाक्य आपण शेवटचे केव्हा ऐकले? ते म्हणण्यापूर्वी पालकांना कोणी विचारले होते का?

3. रविवारच्या शाळेत किंवा तरुण संघातही काही मुले येणे थांबवतात. त्यांच्यापैकी एकाच्या घरी या महिन्यात जाऊन या. सल्ला देऊ नका. कारण विचारा, आणि परत आल्यावर लिहून ठेवा.